दहा वर्षांची हमी

छपरावरच्या एसीची घरघर एकाएकी थांबली. ती इतके दिवस अहोरात्र चालू होती हे इर्माला ती थांबल्यावरच जाणवलं. ओट्यावर टोमॅटो चिरता चिरता तिचा हात थबकला आणि तिनं वर पाहिलं. पुढच्या खोलीत आरामखुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसलेल्या तिच्या आईनंही वर पाहिलं. डोक्यावर बूट इकडून तिकडे गेले, काहीतरी लोखंडी आपटलं.

"मेलं वाटतं," आई म्हणाली.

"मेलं नाही गं. त्यानं बंद केलंय. तपासतोय."

"तपासायला बंद करावं लागतं होय? डॉक्टर मला चालू ठेवून तपासतो."

इर्मा हसली. हसताना तिनं खिडकीचा पडदा आणखी ओढून घेतला, कारण जूनच्या दुपारी वाळवंटातल्या टूसॉनमध्ये एसी बंद असलेल्या घराला तापायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा पश्चिमेची भिंत तापते, मग कपाटातली भांडी कोमट लागायला लागतात, आणि मग कधीतरी आपल्या लक्षात येतं की आपण तोंडानं श्वास घेतोय. शाळा बंद झाल्या होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरातलं इर्माचं काम आता ऑगस्टपर्यंत नव्हतं. उन्हाळा सुरू व्हायच्या आत मशीन धुऊन घ्यायचं दरवर्षी राहून जायचं, म्हणून टपालात आलेलं स्वस्तातल्या सर्व्हिसचं कुपन पाहून तिनं फोन केला होता. ठरल्या वेळेच्या आधीच कंपनीचा माणूस हजर झाला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, छातीवर कंपनीचं नाव शिवलेलं. दारातच वाकून त्यानं बुटांवर निळी कागदी पिशवीसारखी आवरणं चढवली आणि म्हणाला, "तुमची फरशी किती स्वच्छ आहे ताई, माझी आई बघेल तर मला दोन तडाखे देईल." नाव नेस्तोर. छपरावर जायच्या आधी तो सरळ आईपाशी गेला आणि तिच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"आजी, कुठल्या तुम्ही?"

"आग्वा प्रिएता. सीमेपलीकडे."

"अरे वा! माझी आजी कानानेआची. म्हणजे आपण शेजारीच की."

"कानानेआची माणसं चिक्कू असतात," आई म्हणाली.

तो मनापासून हसला. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "रात्री झोप लागते का आजी? धाप लागते?" आणि आई त्याला सांगत बसली. पहाटेच्या आधी जाग येते, मग आडवं होता येत नाही, खाटेच्या कडेला बसून राहते, खिडकीत शेजाऱ्यांचा दिवा दिसतो तो बघत बसते, उजाडायला लागलं की बरं वाटतं. इर्मा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ती आणि आई एका भिंतीच्या अंतरावर झोपत होत्या. सकाळी ती आईला विचारायची ते गोळ्यांचं. गोळी घेतलीस? पाणी प्यायलीस? आई हो म्हणायची. हा माणूस विकायला आलाय आणि विकण्यासाठीच विचारतोय हे इर्माला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिला ऐकताना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचा राग आला होता.

आता तो शिडीवरून खाली आला. कपाळ पुसत आत आला, हातात टॅबलेटची काचेची पाटी. "ताई, जरा बसता का?" त्यानं इर्माच्याच स्वयंपाकघरातली खुर्ची इर्मासाठी ओढली. ती बसली. आपल्या घरात आपल्याला कुणीतरी बसा म्हणावं आणि आपण मुकाट्यानं बसावं, एवढ्यावरूनच पुढचं सगळं ओळखायला हवं होतं. त्यानं पाटीवर बोट फिरवून फोटो दाखवायला सुरुवात केली. गंजलेला पत्रा. जळून काळी पडलेली वायर. मग एक जवळून काढलेला फोटो, जाळीच्या पात्यांवर काळपट ओला थर. "ही बुरशी. आणि हवा हिच्यातूनच खाली येते." तो गप्प राहिला. त्याला गप्प कधी राहायचं ते ठाऊक होतं. इर्मा फोटोकडे बघत राहिली. फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या छपरावर एका झाडाची सावली पडली होती, बारीक पानांची, मेस्कीटची असावी तशी. इर्माच्या घरावर सावली पडेल असं एकही झाड नव्हतं. होतं ते बाबा गेले त्या वर्षी वादळात पडलं होतं, आणि ते काढायला आलेल्या माणसांना तिनंच सरबत दिलं होतं. हे तिला लख्ख दिसलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. समोरचा खोटं बोलतोय हे कळल्यावर लाज त्याला वाटायला हवी, पण इर्माच्या बाबतीत ती नेहमी उलट्या वाटेनं यायची. त्याला खोटं ठरवायचं म्हणजे त्याचा चेहरा पडलेला बघायचा, आणि तो इस्त्रीचा शर्ट, ती निळी आवरणं घातलेले बूट, हे सगळं एकदम उघडं पडलेलं बघायचं. ते तिला जमलं नसतं. तिनं विचारलं, "खूपच खराब आहे का हो?"

हे असं का होतं ते तिला माहीत होतं. लहान असताना तिची आई दारोदार फिरून क्रीम आणि पावडरी विकायची. हॉटेलच्या धुलाईखान्यातली पाळी सकाळीच संपायची. रात्रभर चादरींना इस्त्री करून भाजलेले हात ती थंड पाण्यात बुडवायची, ओठांना लाल रंग लावायची, नमुन्यांची पेटी उचलायची आणि इर्माला हाक मारायची. इर्माला बरोबर नेण्याचं कारण इर्माला फार उशिरा कळलं. पोर बरोबर असली की बाया तोंडावर दार लावत नाहीत. आई घंटा वाजवायची आणि एक पाऊल मागे सरायची, म्हणजे दार उघडणाऱ्याला आधी पोरगीच दिसेल. उत्तरेकडच्या मोठ्या अंगणांच्या वस्तीत त्या जायच्या. बाया म्हणायच्या, आज नको. आई म्हणायची, घेऊ नका हो, हात तर दाखवा. हात दाखवला की ती त्याला क्रीम लावायची, चोळत राहायची, आणि चोळता चोळता विचारायची, मुलं कितवीत, सासू बरोबर असते का. हात आईच्या हातात असायचा, त्यामुळे बाईला आत जाता यायचं नाही. इर्मा आपल्या बुटांकडे बघत उभी राहायची. एकदा एक उंच बाई हात सोडवून घेत म्हणाली होती, "तुम्हा लोकांना नको म्हटलेलं कळतच नाही का?" आणि आई हसून म्हणाली होती, "कळतं ना बाई. पण 'नको' पुष्कळ प्रकारचं असतं." घरी येताना आई बसमध्ये गाणं गुणगुणत होती, पेटी अर्धी रिकामी झाली होती. इर्माचे कान मात्र घरी पोचेपर्यंत जळत होते. आईच्या वाटणीची लाज त्या दिवसापासून तिच्याच अंगाला लागली ती कायमची. पुढे तिच्या स्वतःच्या दारात कुणी काही विकायला आलं की तिला विक्रेता दिसायचाच नाही, त्याच्या मागे एक पाऊल सरून उभी असलेली एक पोरगी दिसायची. त्यामुळे घरात नको असलेली भांडी आली, कार्पेट धुण्याचं यंत्र आलं, कुणी न वाचलेली मासिकं वर्षानुवर्षं आली. नवऱ्याशी तिचं पटलं नाही आणि तो निघून गेला, त्याच्या तक्रारींमध्ये हीही एक होती. "तुला नाही म्हणता येत नाही," तो म्हणायचा. "मलाही तू तशीच हो म्हणालीस."

नेस्तोर आता नव्या मशीनबद्दल बोलत होता. जुन्यावर खर्च करणं म्हणजे पाण्यात पैसे. तो खर्च म्हणत नव्हता, गुंतवणूक म्हणत होता. तिला काय परवडतं हे त्यानं विचारलं नाही, महिन्याला किती जमेल ते विचारलं. पाटीवर त्यानं एक आकडा दाखवला, तो एका नव्या गाडीचा असता तरी चालला असता. तिचा चेहरा बघून त्यानं लगेच फोन काढला, साहेबाशी बोलला, "नाही हो साहेब, आजी आहेत घरात, ऑक्सिजनवर आहेत, माझ्या आजीसारख्या," आणि फोन ठेवून आकडा खाली आणला. "पण हे फक्त आजच्यापुरतं आहे ताई. मी दारातून बाहेर पडलो की माझ्या हातात काही राहत नाही." ती वायर बघून मशीन मी परत चालू करू शकत नाही, असंही त्यानं सांगितलं. आग लागली तर माझं काय होईल ते सोडा, तुमचं काय होईल? मशीन बंद आहे आणि ते बंदच राहणार आहे, आणि घर तापतंय, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. ते तिच्या पाठीवरून घामाच्या रूपानं खाली उतरतच होतं. पुढच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये नुसती कमान होती, दार नव्हतं. नेस्तोरनं आपली खुर्ची थोडी वळवून घेतली होती, म्हणजे बोलताना इर्माला त्याच्या खांद्यावरून आई दिसत राहावी.

"जरा विचार करते," इर्मा म्हणाली.

"करा की. पण आजींची फुप्फुसं विचार करायला थांबतात का?"

"माझ्या भावाला, रुबेनला विचारायला लागेल. तो ह्यूस्टनला असतो."

"लावा फोन, मी बोलतो त्याच्याशी."

"नको, आता तो कामावर असेल."

"ताई," तो म्हणाला आणि पुढे झुकला. त्याच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता. "मी तुम्हाला खरं सांगू? तुम्ही यंत्राकडे बघताय. मी आजींकडे बघतोय. दहा वर्षांची हमी आहे. दहा वर्षं तुम्हाला वर मान करून बघायला नको. दहा वर्षं आजी थंड हवेत सुखानं—"

"मला दहा वर्षांची हमी काय करायचीय?" इर्मा म्हणाली. "तिला पुढचा उन्हाळा दिसायचा नाही."

तिचा आवाज मोठा नव्हता, आणि अगदी हळूही नव्हता. दुकानात एखादी वस्तू परत करताना, हे मापाला बसत नाही, असं सांगावं तसा तो होता. नकार देण्यासाठी ती इतका वेळ एखादं कारण शोधत होती, ज्याच्यावर त्याला काही बोलता येणार नाही असं कारण, आणि ते शोधत शोधत ती मनाच्या तळाशी गेली आणि हाताला लागलं ते तिनं उचलून टेबलावर ठेवलं. आणि एका क्षणापुरतं, हे तिला नंतर आठवलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, एका क्षणापुरतं तिला सुटल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला विक्रेत्याला नाही म्हणता आलं होतं.

नेस्तोरनं तिच्या आधी कमानीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं विकणं गळून पडलं, आणि खाली एक दमलेला, उन्हानं रापलेला माणूस निघाला. "मला कल्पना नव्हती ताई," तो हळू म्हणाला. तो तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण जिभेला सवय असते. "म्हणजे... कमी मुदतीसाठी आम्ही भाड्यानंही देतो," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोघंही टेबलाकडे बघत बसली. मग तो उठला, पाटी काखेत घेतली आणि दाराशी जाऊन वाकून बुटांची निळी आवरणं काढायला लागला. एक लवकर निघेना.

"बाळा," पुढच्या खोलीतून आईचा आवाज आला, नेहमीसारखा, थोडा घोगरा. "पाणी पिऊन जा. ऊन फार आहे."

इर्मानं पाणी दिलं. तो ते उभ्यानं, एका दमात प्यायला आणि पेला त्यानं तिच्याकडे न बघता परत दिला. जाताना "येतो आजी" म्हणाला, आणि त्याची गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. मग घरात फक्त ऑक्सिजनचं यंत्र उरलं.

ऐकलं असेल का तिनं? इर्मा नळाखाली तो पेला धूत राहिली. टीव्ही चालू होता, पण आवाज बारीक होता. आईचे कान तरुणपणीही तीक्ष्ण होते आणि आता तर अंगातलं बाकी सगळं कमी होत असताना तेवढेच शाबूत राहिले होते; शेजारच्या गल्लीत आइस्क्रीमची गाडी आली की आईला आधी कळायचं. पण कधी कधी ती डुलकीतही असते. पाणी पिऊन जा म्हणाली, म्हणजे जागी होती. जागी होती म्हणजे ऐकलंच असेल असं नाही. इर्मानं टॉवेल ओले करून पिळले, एक आईच्या मानेवर ठेवायला घेऊन गेली, आणि ठेवताना तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. "गार आहे," आई म्हणाली. एवढंच. इर्मानं कोठीतून जुना टेबलपंखा आणला, लावला. त्यानं गरमच हवा इकडची तिकडे केली.

एप्रिलमध्ये डॉक्टर तिला खोलीबाहेर, पॅसेजमध्ये घेऊन गेले होते. आत नर्स आईच्या पायात बूट चढवत होती आणि आई तिला काहीतरी सांगून हसवत होती, त्या हसण्याच्या आवाजातच डॉक्टरांनी सांगितलं. चांगले होते डॉक्टर, तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलले. पुढच्या उन्हाळ्याची आशा मी धरणार नाही, म्हणाले. गाडीत आईनं विचारलं, काय म्हणत होता गं तो? इर्मा म्हणाली, फुप्फुसं आहेत तशीच आहेत म्हणे. सिग्नल हिरवा झाला. हे तिनं आईला दुःख नको म्हणून केलं असं ती स्वतःला सांगत आली होती, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसानंतर तिच्या आत एक बारीकसा हिशेबनीस जागा झाला होता, आणि त्याच्याबद्दल ती कुणालाही सांगू शकली नसती. आईचं अंगाला लावायचं मलम संपलं म्हणून ती दुकानात गेली, नेहमीची मोठी बाटली तिनं उचलली, आणि मग हात आपोआपच बाजूच्या लहान बाटलीकडे गेला. कुणी बघत नव्हतं. तरीही बिलाच्या खिडकीवरच्या मुलीनं ती बाटली उचलली तेव्हा इर्माला वाटलं, हिला कळलं. आईच्या चपलांचा तळ फाटला होता तर तिनं तो चिकटवून आणला, नव्या आणल्या नाहीत. एका रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकलेले असताना तिच्या मनात आलं की आईची खोली मोकळी झाली की तिकडे शिवणयंत्र छान बसेल, खिडकीपाशी. ती प्रार्थना अर्धी टाकून उठली होती. मनात काय येतं त्याला माणूस जबाबदार नसतो, असं पाद्री सांगायचे. पण आज ते मनात राहिलं नव्हतं. बाहेर पडलं होतं, आणि तेही कशासाठी? एका एसीवाल्याला घालवण्यासाठी.

आईच्या श्वासातली शिट्टी वाढली तेव्हा इर्मा मागच्या दारानं बाहेर गेली. भिंतीवरच्या विजेच्या डब्याचं झाकण इतकं तापलं होतं की तिला ते पदरासारखं ब्लाउजचं टोक धरून उघडावं लागलं. कुठलं बटण ते त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. आग लागली तर? ती झाडाची सावली खोटी होती. पण वायरचा फोटोही खोटाच असेल कशावरून? तिनं बटण वर केलं आणि मागे सरून छपराकडे बघत राहिली. आधी काहीच झालं नाही. मग वर काहीतरी खडखडलं, धापलं आणि घरघर सुरू झाली, जुनी, नेहमीची. धूर आला नाही. काही वास आला नाही. ती तरीही उन्हात उभी राहिली. आता आत जायला हवं होतं आणि तिच्यानं पाऊल उचलवत नव्हतं. डोक्यावर ऊन, पायाखाली खडी तापलेली, समोर शेजाऱ्यांचा कुत्रा भिंतीच्या सावलीत जीभ काढून पडलेला, त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले. सावलीत जा, असं तिला कुणी म्हटलं असतं तर ती गेली असती. आतून आई खोकली, म्हणून ती गेली.

आईनं टीव्ही बंद केला होता. मानेवरचा टॉवेल तिनं घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला होता.

"केलंस चालू?"

"हो."

"आणि आग?"

"नाही लागत. तो खोटं बोलत होता."

"ते मला तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "पोरगा बरा होता पण. घाई करत होता. मी असते तर आज काही विकलंच नसतं. नुसतं मशीन पुसून गेले असते, आणि दोन दिवसांनी आले असते, आजीची तब्येत कशी आहे विचारायला." तिनं श्वास घेतला. "आणि गिऱ्हाइकानं काहीही सांगितलं तरी तोंड पडू द्यायचं नसतं. गिऱ्हाईक काय वाट्टेल ते सांगतं. एक बाई मला म्हणाली, नवरा कालच वारला, आता कसलं क्रीम! आणि आतून असा घोरण्याचा आवाज..."

इर्माला हसू फुटलं. आईही हसली, हसताना खोकली, इर्मानं पुढे होऊन तिची पाठ धरली. हाताखाली बरगड्या लागल्या. खोकला थांबल्यावरही तिनं हात काढला नाही, कारण तो काढला की समोर येऊन बसावं लागलं असतं.

"तूही तसंच काहीतरी सांगितलंस ना त्याला?" आईनं विचारलं.

सुटकेचं दार उघडं होतं. आईनं स्वतःच ते उघडून धरलं होतं, आणि इर्मानं फक्त बाहेर पडायचं होतं. "हो," इर्मा म्हणाली.

पंखा त्यांच्याकडे वळला, दुसरीकडे वळला.

"समोर ये," आई म्हणाली. इर्मा आली, स्टुलावर बसली. आईचे डोळे कोरडे होते, आणि ती इर्माकडे अशी बघत होती की जणू तिच्या कपाळाला ताप आहे का ते बघतेय. "कोण म्हणालं? डॉक्टर?"

"हो."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"म्हणजे ईस्टरला तुला माहीत होतं." आईनं जरा विचार केला. "म्हणून तू मला ते चॉकलेटचं अख्खं अंडं खाऊ दिलंस. एरवी साखर साखर करत असतेस."

"आई, मी सांगणार होते."

"केव्हा?" तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर इर्माला काहीतरी धरायला मिळालं असतं. "रुबेनला माहीत आहे?"

"नाही."

"मग त्याला मी सांगीन. तुला सांगता येत नाही. तुला कुणाला काही सांगताच येत नाही, लहानपणापासून. आणि बघ, एक एसीवाला येतो आणि तासाभरात तुझ्याकडून काढून घेतो." आई थांबली, श्वास जमवला. "त्यानं मला विचारलं, रात्री झोप लागते का. मशीन खपवायला विचारलं, कळत का नाही मला? मी पण असंच विचारायची लोकांना. पण विचारलं तर खरं. मला कुणी विचारल्यालाही किती दिवस झाले होते."

इर्मानं मान खाली घातली. तिला आपले हात दिसले, शाळेतल्या मोठ्या पातेल्यांनी रुंद झालेले, मांडीवर नुसते पडलेले. क्षमा कर असं म्हणायचं होतं, पण नेमकी कशाची क्षमा मागायची तेच तिला ठरवता येईना. सांगितलं नाही त्याची, की सांगितलं त्याची, की ज्या आवाजात सांगितलं त्याची? की त्या क्षणाची, जेव्हा ते म्हणून टाकल्यावर हलकं वाटलं होतं? आईनं ते ऐकलं असेल का? हलकं वाटण्याचा काही आवाज होतो का? ती म्हणाली, "मी रात्री तुझ्या खोलीत झोपत जाईन."

"घोरतेस तू."

"मग?"

"झोप. काही नाही." आईनं नाकातली नळी नीट केली. वरची घरघर आता स्थिर झाली होती आणि छतातल्या जाळीतून थंड हवा पहिल्यांदा जाणवायला लागली होती. आईनं डोकं मागे टेकून तोंड त्या हवेकडे केलं, डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत घाम चमकत होता. बराच वेळ ती तशीच होती, आणि इर्माला वाटलं की झोप लागली.

"आणि समजा," आई डोळे न उघडताच म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात खट्याळपणा होता, "मी बघितलाच पुढचा उन्हाळा? चिवट आहे हो मी. मग काय करशील?"

थट्टाच होती ती. उत्तरही अगदी सोपं होतं, जिभेवर आलेलं. पण त्याच्या आधी इर्माच्या खांद्यांत काहीतरी येऊन बसलं. विचार म्हणावा असंही ते नव्हतं. आणखी एक वर्ष, एवढंच. आणखी एक वर्ष ते आंघोळ घालणं, त्या गोळ्या, शाळेतून धावत येणं, कान लावून झोपणं, पुन्हा एकदा जून. ते आलं आणि लगेच गेलंही, पण त्यानं जागा अडवली होती, आणि ती मोकळी होईपर्यंत शब्दांना थांबावं लागलं.

"मग नवीन मशीन घेऊ," इर्मा म्हणाली.

उशीर फार झाला नव्हता. एका श्वासाचा असेल. वर मशीन घरघरत होतं, यंत्र फुसफुसत होतं, पंखा फिरत होता. त्या सगळ्यातही तो उशीर दोघींना स्वच्छ ऐकू आला. आईनं डोळे उघडले, इर्माकडे पाहिलं आणि मग ते सावकाश, तिला बघायचं सोडून दिल्यासारखे, खिडकीकडे वळवले.

"घेऊ," ती म्हणाली. "जा, ते टोमॅटो वाळतायत. भूक लागलीय मला."